मायसाठी जागा शोधताना

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यावर मायला गावाकडून लातूरला माझ्याकडं आणलं. सात महिन्यांत ती वॉकर धरून अंगणापर्यंत जायला लागली. पण रात्री दोन-अडीचला उठून दाराची कडी काढायची. "म्हशीला वैरण टाकायची राहिली," म्हणायची. म्हैस विकून सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, लघवीत जंतुसंसर्ग नाही ना तेही बघितलं, कारण त्यानंही म्हातारी माणसं बरळतात. काहीच निघालं नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात, असं त्यांनी सांगितलं.

दिवसा बाई ठेवली होती, रात्र माझ्यावर. एका पहाटे माय गेटाबाहेर रस्त्यावर सापडली, अनवाणी. त्या दिवशी पुण्याच्या भावाला फोन लावला आणि वृद्धाश्रम हा शब्द आम्ही दोघांनी पहिल्यांदा तोंडातून काढला. भावकीत काय बोलतील याची भीती मलाही होती. पण तीन महिने धड झोप नव्हती आणि मी मायवर ओरडायला लागले होते. ते मला सहन होईना.

वृद्धाश्रम म्हणजे सगळीकडं एकच, असं मी समजत होते. मोफत आश्रम मुख्यतः निराधारांसाठी असतात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांच्या सोयीचं म्हटलंय, तेही अशांसाठीच. मायच्या नावावर चार एकर, दोन्ही लेकरं कमावती. ज्याला खरंच कुणी नाही त्याची जागा आपण अडवायची नाही, हे लगेच ठरलं.

मग पैसे भरून राहायचा एक आश्रम बघितला. दारात तुळस, संध्याकाळी हरिपाठ, मला फार आवडला. पण फॉर्मवर अट होती, 'स्वतःची कामे स्वतः करता येणे आवश्यक.' ओळखीतल्या एकीनं सल्ला दिला, विसरण्याचं सांगूच नको. मी म्हशीचं सगळं सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, रात्री आमच्याकडं एकच माणूस असतो. आजी बाहेर पडल्या तर आम्ही काय करावं?" त्यांनी नाही म्हटलं ते बरोबरच होतं.

उरली शुश्रूषा केंद्रं. तिथं चोवीस तास माणसं, नळीनं जेवण, अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देणं. पण माय खिळलेली नव्हती. पहिल्या केंद्रात मी विचारलं, "डायपर कधी लावता?" उत्तर आलं, "सगळ्यांनाच लावतो, सोपं पडतं." सहा खाटा, सहाही जणी आडव्या. त्यातली एक मला बघून उठून बसली, पाय खाली सोडले आणि चप्पल शोधायला लागली. तिला परत झोपवलं. माझी माय स्वतः उठून संडासला जाते. तिथं ठेवली असती तर महिन्याभरात तिचे पाय गेले असते.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मी हाच प्रश्न आधी विचारला. रात्रपाळीला किती माणसं, संडासात धरायला दांडी आहे का, दवाखान्यात कोण नेणार, अनामत परत मिळते का, हे नंतर. आणि न कळवता संध्याकाळी जेवणाच्या वेळेला गेले.

संभाजीनगरच्या एका बंगल्यात बारा जण राहतात. आम्ही गेलो तेव्हा एक मावशी ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून एका आजोबांना भरवत होती. आजोबांनी घास तोंडातच धरून ठेवला होता. मावशी चमचा खाली ठेवून बसून राहिली. दोन-तीन मिनिटं गेली असतील. त्यांनी गिळल्यावरच दुसरा घास. डायपरचं विचारलं तर म्हणाली, "चालतंय त्याला न्यायचं. रातीला दोनदा उठवतो." फाटकाला कुलूप आहे, पण आत फिरायला मोठं अंगण आहे. खर्च भाऊ आणि मी निम्मा-निम्मा उचलतो.

सोडायला गेलो तेव्हा मायनं माझा पदर धरला. "मला हितं काहून ठेवायलीस?" मला उत्तर देता आलं नाही. दर रविवारी मी जाते. कधी ती मला ओळखते, कधी माझ्या मावशीच्या नावानं हाक मारते.

दुसऱ्या आठवड्यात रात्री अकराला तिथून फोन आला, माझ्या छातीत धस्स झालं. रात्रपाळीची मावशी होती.

"ताई, आजींच्या म्हशीचं नाव काय होतं?"

"चंद्री," मी म्हटलं.

"बरं. सांगते त्यांना, चंद्रीला वैरण टाकली म्हणून."