सालदाराचा हिशोब आणि आमचं गॅदरिंग

तुरीच्या शेंगा भरल्या अन् कापसाचा दुसरा वेचा सुरू झाला की मला अजूनही शाळेचं गॅदरिंग आठवतं. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरकडचं, डॉ. पंजाबराव देशमुखांचं जन्मगाव पापळ तिथून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर, त्यामुळे गॅदरिंग कधी घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. २७ डिसेंबर म्हणजे पंजाबरावांची, आमच्या भाऊसाहेबांची जयंती, तिच्या आधीचे दोन दिवस खेळ, वक्तृत्व, रात्री नाटकं, अन् तिसऱ्या दिवशी जयंती, पंगत आणि हिशोब. हो, हिशोब. बाकीच्या शाळांमध्ये शेवटी आभारप्रदर्शन असायचं, आमच्याकडे आभाराच्या आधी हिशोब वाचला जायचा आणि त्याशिवाय कोणी उठायचं नाही.

दोन बैलबंड्या जोडून वर पाट्या टाकल्या की स्टेज तयार, मागे कोणाच्या तरी आजीचं लुगडं पडद्यासारखं ताणलेलं. सुरुवात खंजेरी भजनानं व्हायची, मोझरी आमच्यापासून फार लांब नाही म्हणून तुकडोजी महाराजांची प्रार्थना लहान पोरांनाही पाठ होती. मैदानाच्या कडेला गोवऱ्यांवर रोडगे लागायचे, त्यांचा धूर सरळ स्टेजवर यायचा अन् नाटकात रडायचा सीन नसला तरी सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. वर्गणी गावभर फिरून जमायची, कोणी दोन रुपये, कोणी पन्नास, पैसे नसले तर पायलीभर गहू नाहीतर तुरीची डाळ. जो देईल त्याला पावती, मग तो एक रुपया देवो की पायलीभर गहू, हा आमच्या मोठ्या गुरुजींचा नियम.

एका वर्षी, मी सातवीत असेन, गुरुजी यादी वाचत होते, बेसन इतकं, तेल इतकं, भोंग्याचं भाडं इतकं, शिल्लक चौदा रुपये. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात बायकांमधून आमच्या गल्लीतली मावशी उठून उभी राहिली, कापूस वेचायला जाणारी, दिवसभराचा वेचा करून तशीच आलेली, बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे. म्हणाली, "गुरजी, माह्ये पाच रुपये कुठी हायेत? मी देल्ले होते." सगळं मैदान गप्प. तेव्हाचे पाच रुपये तिच्यासाठी काय होते हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. गुरुजींनी चिडून काही म्हटलं नाही, माइक खाली ठेवला, स्टेजवरून उतरले, पेट्रोमॅक्सच्या उजेडात पावतीबुक उघडून एकेक पान उलटायला लागले, आणि तिनं पदराच्या गाठीतून आपली पावती काढली, घामानं ओली झालेली, चौघडी केलेली. नंबर जुळवला. खाली कार्बन कॉपी होती, पैसे जमेत धरलेले होते, फक्त वाचताना ओळ सुटली होती. गुरुजी परत वर गेले अन् माइकवर हात जोडून म्हणाले, माझी चूक झाली, नाव राहिलं, आणि तिचं नाव मोठ्यानं वाचलं, मग आम्हा पोरांकडून फळ्यावर लिहून घेतलं. त्या दिवसापासून यादीत पहिलं नाव मावशीचं, ही पद्धतच पडली.

त्या स्टेजवर दरवर्षी एक पाहुणे ठरलेले असायचे. पंचायत समितीचे सदस्य, आधी कधीतरी सभापती होते म्हणून सगळे त्यांना सभापतीच म्हणायचे. धोतर, खादीचा सदरा, खांद्यावर शबनम पिशवी. हार घालून घ्यायचे नाहीत, म्हणायचे तेवढ्या पैशाच्या वह्या घ्या. त्यांचं भाषण पंधरा मिनिटांचं, आणि आम्ही पोरं ते खरंच ऐकायचो कारण ते आमच्याशी आमच्याच बोलीत बोलायचे. "पोट्टेहो, मी इथं पाव्हणा नाही. मी तुमच्या मायबापानं सालभरासाठी कामाले ठेवलेला सालदार हाओ. पाडव्याले सालदाराचा हिशोब होते का नाही? मंग माहा हिशोब दर डिसेंबरले या स्टेजवर. इचारा, काय इचारता थे." आणि मग वर्षभरात रस्त्याचे किती पैसे आले, शाळेच्या खोलीचं काय झालं, कोणतं काम त्यांच्याकडून झालं नाही अन् का झालं नाही, हे सांगायचे. न झालेली कामं आधी सांगायचे, झालेली नंतर. मी पुढे आयुष्यात बरेच पुढारी ऐकले, हा क्रम मला दुसऱ्या कोणाच्या भाषणात सापडला नाही.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा ते ऐन तरुण होते, त्याआधी आपल्याकडे जनपद सभा होत्या हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. भाऊसाहेबांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, पुढे दिल्लीत देशाचा कृषिमंत्री झाला, पण सभापती त्यातलं फारसं सांगायचेच नाहीत, ते सांगायचे अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून केलेल्या सत्याग्रहाचं, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या त्याचं, त्यांनी काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची त्याचं. सार्वजनिक म्हणजे काय, असं विचारायचे अन् स्वतःच सांगायचे, ज्याच्यावर सगळ्यात मागं बसणाऱ्याचा पहिला हक्क ते.

१९९३ चं गॅदरिंग तर मी विसरूच शकत नाही. त्या वर्षी २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली होती, म्हणून आमच्या बाईंनी नाटकात ग्रामसभाच बसवली. मी ग्रामसेवक, बगलेत रजिस्टर, सरपंच आठवीतली एक मुलगी. प्रश्न बाईंनी लिहून दिलेले होते, ते संपले, आणि मग नवीन वस्तीतला एक मुलगा, ज्याचं नाटकात एकच वाक्य होतं, तो पाठ नसलेलं बोलून गेला, "आमच्या वस्तीतला हँडपंप चार महिन्यापासून बंद हाये, आमची माय दूर वावरातल्या विहिरीवर जाते, त्याचं काय?" सरपंच झालेली मुलगी गांगरली, मी रजिस्टर उघडून बघत बसलो, त्यात तर काहीच नव्हतं.

सभापती खुर्चीवरून उठले. शबनम पिशवीत हात घातला, कागद चाळले अन् एक दुमडलेला अर्ज बाहेर काढला. म्हणाले, "हा अर्ज मले सप्टेंबरात देल्ला होता. माह्या पिशवीतच राह्यला. चूक ग्रामपंचायतीची नाही, माही हाये." एवढं बोलून त्या मुलालाच विचारलं, तारीख सांग. मुलगा काय सांगणार, तो रडवेला झाला होता. मग त्यांनीच सांगितलं संक्रांतीच्या आत, आणि आमच्या फळ्यावर, मावशीचं नाव जिथं लिहिलं जायचं त्याच्या खाली, "हँडपंप, १४ जानेवारी" असं खडूनं लिहायला लावलं. गुरुजींनी तो कोपरा अठरा दिवस पुसू दिला नाही, गणितं बाकीच्या फळ्यावर.

१४ तारखेला सकाळी मेकॅनिक सायकलला पान्हे बांधून आला, सोबत सभापती. पाइप एकेक करून वर ओढले, आम्ही पोरं दोरीला, खालून निघालं ते झिजून चपटं झालेलं एक वॉशर, तळहातावर मावेल एवढं. नवीन टाकलं, पाइप परत उतरवले, आधी गढूळ पाणी आलं मग नितळ. बायकांनी मेकॅनिकला तिळगूळ दिला, सभापतींना दिला, आणि सभापती त्या मुलाच्या आईला म्हणाले, "माय, चार महिने तुमाले तरास झाला, माह्यामुळं." ती काहीच बोलली नाही, पहिली घागर भरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

पुढे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, तेव्हा मला हा कायदा अजिबात नवीन वाटला नाही, मावशीच्या पदरातली पावती अन् खालची कार्बन कॉपी हेच ते. मी एका ऑफिसात अर्ज केला होता गावच्या रस्त्याच्या खर्चाचा, तीस दिवस गेले, उत्तर नाही, अपील केलं तेव्हा कागद मिळाले, आणि त्या साहेबाच्या चेहऱ्यावर असं की मी त्याच्या घरातलं काही मागितलं. मला राग त्या उशिराचा नव्हता, चेहऱ्याचा होता. ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, शंभर लोक किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल ते, आणि तेवढे लोकही येत नाहीत, सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतात हे मी बघितलंय अन् मला ते फार लागतं. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावानं "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटलं आणि ते करून दाखवलं, २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तेही आपल्याच विदर्भातलं गाव आहे.

सभापती गेले त्याला बरीच वर्षं झाली, गुरुजीही नाहीत. गॅदरिंग चालू आहे, बंड्यांऐवजी लोखंडी स्टेज, वर्गणी अर्धी फोनवरून येते, पण रोडगे गोवऱ्यांवरच लागतात अन् हिशोब माइकवरच वाचतात. यंदा वाचायचं काम माजी विद्यार्थी म्हणून माझ्याकडे दिलंय. पावतीबुकं सगळी जमा झाली आहेत, फक्त नवीन वस्तीतलं एक राहिलंय, बावीस पावत्यांचं, ते आज संध्याकाळी जाऊन घेऊन येतो, अन् नावं एकदा घरी मोठ्यानं वाचून बघणार आहे, एखादी ओळ सुटायला नको.