बारा बिटांच्या वर्डात मराठी बसवली : पीडीपी-८ एम्युलेटरची प्रगती

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझ्या एम्युलेटरवर (जुन्या पीडीपी-८ कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) त्याच्या आठही इन्स्ट्रक्शन चालायला लागल्या होत्या एवढंच होतं, आणि काल रात्री त्याच एम्युलेटरवर पहिल्यांदा 'महाराष्ट्र' अख्खं उमटलं. पाच वर्ड (मशीन एका वेळी हाताळतं तो बिटांचा गट). फक्त पाच! अक्षरं साठवायच्या आपल्या आत्ताच्या यूटीएफ-८ पद्धतीमध्ये याच शब्दाला ३० बाइट लागतात, म्हणजे २४० बिट, आणि इथे ६० मध्ये काम झालं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, पीडीपी-८ हे डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीचं १९६५ चं मशीन, वर्ड १२ बिटांचा, मेमरी ४०९६ वर्ड, आणि बाइट हा प्रकारच नाही. तेव्हा एक कॅरेक्टर सहा बिटांचं धरायची पद्धत होती म्हणून बऱ्याच मशीनचे वर्ड सहाच्या पटीत दिसतात, पीडीपी-१ चा १८, आयबीएम ७०९० चा ३६, सीडीसी ६६०० चा ६०. आपल्या मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९६४ ला आलेला सीडीसी ३६०० सुद्धा ४८ चा. त्याच्या आधी तिथेच बांधलेला टिफ्रॅक मात्र ४० बिटांचा, त्यात वीस-वीस बिटांच्या दोन इन्स्ट्रक्शन एका वर्डात बसायच्या, तिथे हा सहाचा हिशोब लागत नाही.

तर सहा बिट म्हणजे ६४ जागा. मला वाटलं होतं मराठी यात मावणारच नाही, म्हणून कागदावर मोजायला बसलो. स्वर ११, व्यंजनं ळ धरून ३४ (क्ष आणि ज्ञ हलन्ताने जोडायचे), मात्रा १०, अनुस्वार, विसर्ग, हलन्त हे ३, झाले ५८. चंद्र एकच ठेवला, तो अ, आ किंवा काना यांच्यानंतर लावायचा म्हणजे 'ॲ', 'ऑ' आणि 'कॉ'चा प्रश्न सुटतो, ५९. मग स्पेस, पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि आकडे वगैरेंसाठी एक शिफ्ट (पुढचा कोड वेगळ्या तक्त्यातून वाचायची खूण). बरोब्बर ६४. दोनदा मोजलं, खरंच एकही जागा शिल्लक नाही आणि एकही कमी पडत नाही, मला हे फार सुंदर वाटलं.

पण सगळ्या जागा भरल्या म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण ठेवायला शून्य उरला नाही. मग वर्ड मोजायचे. पीडीपी-८ वर काउंट उणे ठेवतात आणि आयएसझेड ही इन्स्ट्रक्शन तो एकेक वाढवत नेते, शून्य झाला की पुढची इन्स्ट्रक्शन गाळते. पाच वर्डांसाठी उणे पाच, म्हणजे ऑक्टलमध्ये (आठ पायाच्या आकड्यांत) ७७७३.

वर्डातली दोन अक्षरं सुटी करायला बीएसडब्ल्यू ही एका फटक्यात अर्धे-अर्धे बदलणारी इन्स्ट्रक्शन आहे पण ती पुढे ८/ई मॉडेलला आली, मी जुनंच मॉडेल करतोय त्यामुळे आरटीआर (बिट दोन घरं उजवीकडे फिरवणारी) तीन वेळा आणि मग ००७७ शी अँड, म्हणजे खालचे सहा बिट तेवढे राहतात. लिंक (बेरजेच्या हातच्यासाठीचा जादा बिट) धरून १३ बिट फिरतात तरी वरचे सहा बरोबर खाली येऊन बसतात, कागदावर काढून बघा.

आता अडलं कुठे ते. पहिल्या रनला स्क्रीनवर आलं 'ाराष्ट्र', नुसता काना लोंबकळतोय आणि 'मह' गायब. दोन संध्याकाळी अनपॅकिंगच तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. ऑक्टल १० ते १७ हे पत्ते ऑटो-इंडेक्स असतात, त्यांच्यातून इनडायरेक्ट, म्हणजे त्यांच्यात लिहिलेल्या पत्त्यावर, गेलं की तो लिहिलेला पत्ता आधी एकने वाढतो आणि मग वापरला जातो, त्यामुळे पॉइंटर स्ट्रिंगच्या एक घर मागे ठेवायला लागतो. मी नेमका सुरुवातीचाच पत्ता दिलेला, म्हणून पहिला वर्ड, म्हणजे म आणि ह, सुटून जात होता.

दुसरी चूक जास्त वाईट कारण ती दिसत नव्हती. टीएडी या बेरजेच्या इन्स्ट्रक्शनमध्ये कॅरी (हातचा) आला की मी लिंक १ करत होतो, नाही आला की ०. खऱ्या मशीनमध्ये कॅरी आला तर लिंक उलटते आणि नाही आला तर आहे तशी राहते. ७००० मध्ये २००० मिळवा, कॅरी येऊन लिंक १, मग १००० मिळवा, कॅरी नाही, तरी लिंक १ च राहायला हवी, माझ्याकडे ती पुसली जायची. दोनच आकडे मिळवून टेस्ट केली तर हे कधीच सापडणार नाही, म्हणून ज्यांनी स्वतःचा एम्युलेटर लिहिलाय त्यांनी तीन आकड्यांची टेस्ट नक्की टाका.

छपाईसाठी मी एक मोकळा डिव्हाइस कोड (जोडलेल्या यंत्राचा क्रमांक) घेतलाय, एम्युलेटर त्यावरून देवनागरी काढतो. टेलिटाइपला (त्या काळचं छापणारं टर्मिनल) ही अक्षरं येत नाहीत त्यामुळे हा भाग माझ्या मनाचा आहे, बाकी सगळं मॅन्युअलप्रमाणे.

पुढे सॉर्टिंग. कोड वर्णमालेच्या क्रमानेच दिलेत, ळ ह नंतर, त्यामुळे नुसत्या वजाबाकीने तुलना व्हायला हवी (वजाबाकीची इन्स्ट्रक्शन नाही, सीआयएने उणे करून मिळवायचं). ३६ जिल्ह्यांची नावं घेऊन बघणार आहे. फक्त हलन्त कुठे ठेवावा ते ठरत नाहीये, मात्रांच्या आधी की नंतर, कारण 'सातारा' आणि 'सिंधुदुर्ग' कुठेही ठेवला तरी नीट लागतात पण जोडाक्षराने सुरू होणारे शब्द त्याच्यावर हलतात. कोणी हे आधी केलं असेल तर कोणता क्रम घेतलात ते सांगा.