दोन सुळे
आमच्या देवगडात म्हाताऱ्या पेशंटचं एकच रडगाणं, खालची कवळी हालते. वरची टाळूला चिकटून राहते पण खालची जिभेने उचलली जाते, त्यात हाड झिजून सपाट झालेलं, मग बसणार कशावर? या आजींची दोनदा नवीन करून दिली तरी जेवताना कवळी पदराच्या गाठीत.

शेवटी म्हटलं दोन इम्प्लांट टाकू, हाडात टायटॅनियमचे स्क्रू आणि त्यावर कवळी प्रेस बटणासारखी टक् करून बसेल. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणे, दोनच कशाला, सगळे फिक्स करा! युट्यूब बघून सगळे सर्जन झालेत. स्कॅनसाठी फोंडाघाट चढून कोल्हापूरला पाठवलं, त्यात मागे नसेच्या वर हाड जेमतेम, पण पुढे सुळ्यांच्या जागी बऱ्यापैकी. शुगर आटोक्यात होती, मिश्री सोडवायला मात्र दोन महिने गेले.

श्रावणात ऑपरेशन. पाऊस धो धो, आणि ड्रिल हाडात असतानाच लाईट गेली, नेहमीचंच. मोटर इन्व्हर्टरवर म्हणून बरं. लोकांना वाटतं हे ताकदीचं काम आहे, उलट थांबत थांबत करायचं असतं, वर सलाईनची धार चालू, कारण हाड ४७ डिग्रीच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी मरतं आणि मग स्क्रू पकडत नाही. डावा ३५ टॉर्कला, म्हणजे पिळायच्या जोराला, घट्ट बसला, उजवा ४० ला. रॅचेट, म्हणजे स्क्रू पिळायचा पाना, अडतं तेव्हा हाताला जे कळतं ना, त्यासाठी मी हा धंदा करतो.

टाके झाल्यावर आजी सुजल्या ओठाने म्हणाली, "झिला, हयसरचे दोन दात घट्ट होते. तूच काढलंस मरे."

रात्री जुनी रजिस्टरं उपसली. २००७, माझंच अक्षर. खालचे दोन सुळे, जरासे हलतात, एवढंच लिहिलंय. पुढे 'सगळे काढले'. रूट कॅनाल करून ती दोन मुळं कवळीखाली ठेवता आली असती, कॉलेजात शिकवलेलं, मूळ असेल तिथे हाड टिकतं. पण आजी एसटीने यायची, चार-पाच खेपा तिलाही नको होत्या आणि खरं सांगायचं तर मलाही नको होत्या, दवाखाना नवा, बाहेर रांग. नेमक्या त्याच दोन जागी आता मी टायटॅनियम बसवलं आणि त्याचे पैसे घेतले. थोडे कमी घेतले, मुलाला वाटलं ओळखीमुळे.

तीन महिन्यांनी हाडाने स्क्रू धरले, कवळीत बटणं बसवली. आजीने तिथेच आरशासमोर तोंड वाकडंतिकडं करून बघितलं, जिभेने ढकलून बघितलं, हालेना. कडक खाऊ नको म्हणून बजावलं होतं तरी जत्रेत मालवणी खाजं खाल्लं म्हणे, वर माझ्यासाठी पुडा घेऊन आली. बटणातली रबरी रिंग झिजली की बदलायला येईलच. त्या रजिस्टरचं तिला अजून काही सांगितलेलं नाही, ते टेबलावरच पडलंय.