बिझनेस क्रेडिट बनवून देतो म्हणणाऱ्यांना पैसे दिले त्याचा माझा अनुभव

मी अमेरिकेत केटरिंगचा छोटा धंदा करते, एलएलसी, म्हणजे कंपनी, माझ्या एकटीच्या नावावर आहे. चार वर्षं घरच्या सेव्हिंगवर निभावलं, मग डिलिव्हरीला व्हॅन घ्यायची वेळ आली म्हणून बँकेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या कंपनीच्या नावावर क्रेडिट हिस्टरीच नाहीये, पर्सनल गॅरंटी द्यावी लागेल. म्हणजे धंदा नाही चालला तर कर्ज माझ्या गळ्यात. घराचे हप्ते चालू, मुलाचं कॉलेज तोंडावर आलेलं, माझ्या पोटात गोळाच आला.

त्याच रात्री फोनवर शोधत बसले आणि दोन दिवसांत सगळीकडे तसल्याच जाहिराती दिसायला लागल्या, "फक्त ईआयएनवर क्रेडिट, पर्सनल गॅरंटी नाही". ईआयएन म्हणजे कंपनीचा टॅक्स नंबर. एका ठिकाणी फॉर्म भरला तर पाच मिनिटांत फोन. माणूस इतका शांतपणे बोलला, पाऊण तास माझं सगळं ऐकून घेतलं, बँकेत मला कोणी पाच मिनिटंही दिली नव्हती, त्यामुळे विश्वास बसला. पॅकेज १,९०० डॉलर, आज सुरू करायला ६०० भरा. मी कार्डाने भरले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आले. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे माझा स्वतःचा सरकारी ओळख नंबर, लायसन्सचा फोटो, बँक स्टेटमेंट. मी विचारलं, ईआयएनवर मिळणार म्हणता मग माझा सोशल कशाला? म्हणे फाइल पूर्ण करायला लागतो. मनात पाल चुकचुकली, पण पैसे भरून झाले होते म्हणून देऊन टाकला. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

माझे दीर अकाउंटिंगमधे आहेत, त्यांना कॉन्ट्रॅक्ट पाठवलं. रात्री त्यांचा फोन, "वहिनी, सहावं पान उघडा आणि मला मोठ्याने वाचून दाखवा." वाचता वाचता माझा आवाज बसत गेला. लिहिलं होतं की कंपनी माझ्या वतीने क्रेडिट कार्डांचे अर्ज करेल, मंजुरी माझ्या पर्सनल क्रेडिटवर अवलंबून राहील, पर्सनल गॅरंटी लागू शकते, आणि जेवढी लिमिट मंजूर होईल तिच्या १० टक्के फी, मी ती लिमिट वापरो न वापरो. म्हणजे ५०,००० ची लिमिट आली तर ५,००० डॉलर यांचे, आणि कार्डं माझ्या जिवावर. जी गोष्ट टाळायला मी यांच्याकडे गेले होते तीच हे मला पैसे घेऊन विकत होते.

दीरांनीच मग सांगितलं की हे काही नवीन नाही. नोव्हेंबर २०२४ मधे फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसवणुकीच्या केसेस बघणाऱ्या सरकारी संस्थेने, एफटीसीने, सीक कॅपिटल नावाच्या कंपनीवर केस केली ती साधारण याच आरोपावर, बिझनेस लोन मिळवून देतो म्हणून लोकांकडून फी घ्यायची आणि प्रत्यक्षात त्यांच्या नावावर क्रेडिट कार्डं उघडायची. आणि फक्त लहान कंपन्याच असं करतात असंही नाही. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही बिझनेस क्रेडिट रिपोर्टमधली किती जुनी कंपनी, पण तिच्या क्रेडिटबिल्डर प्रॉडक्टबद्दलही एफटीसीने तक्रार केली होती. तुमच्या सप्लायरांची पेमेंट रिपोर्टमधे टाकता येतील असं सांगून विकायचे, पण पाठवलेल्या बऱ्याचशा नोंदी स्वीकारल्याच जायच्या नाहीत, असं त्यात होतं. त्याची ऑर्डर एप्रिल २०२२ मधे फायनल झाली.

अजून एक गोष्ट मला माहीतच नव्हती. आपल्या पर्सनल क्रेडिट रिपोर्टला फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टचं संरक्षण आहे, तसं कंपनीच्या रिपोर्टला नाही. क्रेडिट रिपेअरवाल्यांना, म्हणजे खराब क्रेडिट सुधारून देतो म्हणणाऱ्यांना, काम व्हायच्या आधी पैसे घेता येत नाहीत तो कायदासुद्धा माणसाच्या क्रेडिटसाठी आहे, धंद्याच्या नाही. म्हणून हे लोक बिनधास्त आधी पैसे मागतात.

मग मी पॅकेजची यादी घेऊन बसले. ईआयएन, तो आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, साइटवर फुकट मिळतो आणि माझ्याकडे होताच. डन्स नंबर, म्हणजे डन अँड ब्रॅडस्ट्रीट धंद्याला देते तो ओळख नंबर, तोही फुकट. बाकी उधारीवर माल देणाऱ्या दुकानांची एक यादी, त्यातली तीन तर आधी मेंबरशिप फी घेणारी.

सगळ्यात आधी मी क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही ब्यूरोंकडे, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन, माझं क्रेडिट फ्रीज केलं, म्हणजे माझ्या नावावर कोणाला नवीन कार्ड उघडता येऊ नये. २०१८ पासून हे फुकट आहे, अर्ध्या तासात होतं. सोशल देऊन बसलेल्या कोणीही आधी हे करा. मग कॅन्सल करायचं म्हणून ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र दोन्ही पाठवलं. त्यांचं उत्तर, सेटअप फी परत मिळत नाही. मग कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट टाकला, सोबत "पर्सनल गॅरंटी नाही" वाल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ते सहावं पान. दोन महिने लागले पण ६०० परत आले. चेकने किंवा झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) दिले असते तर गेलेच असते असं मला वाटतं.

क्रेडिटचं काम नंतर मी स्वतः केलं आणि खरं सांगते त्यात अवघड काही नाही, फक्त वेळ जातो. स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटरमधे सल्ला फुकट मिळतो, तिथल्या काकांनी पहिलं काम लावलं ते नाव एकसारखं करायचं. राज्याच्या नोंदणीत एक नाव, बँकेत दुसरं, फोनचं बिल घरच्या नावावर, पत्त्यात एकीकडे स्वीट (बिल्डिंगमधल्या गाळ्याचा) नंबर आहे आणि एकीकडे नाही. ते नीट करायलाच तीन आठवडे गेले. मग प्रत्येक सप्लायरला एकच प्रश्न, तुम्ही माझी पेमेंट बिझनेस क्रेडिट ब्यूरोला रिपोर्ट करता का? माझा डब्यांचा सप्लायर, ज्याचे पैसे मी चार वर्षं एक दिवस न चुकता देतेय, तो म्हणाला आम्ही कोणालाच रिपोर्ट करत नाही. मला रडू आलं तेव्हा. मग रिपोर्ट करणारे दोन शोधले, जो माल तसाही लागतोच तेवढाच उधारीवर घेते आणि मुदतीच्या दहा दिवस आधी भरते. धंदा बिलं किती वेळेवर भरतो ते दाखवणारा डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा पेडेक्स स्कोअर १ ते १०० असतो, वेळेवर भरलं की ८०, त्याच्या वर जायचं तर मुदतीआधी भरावं लागतं.

आणि गॅरंटीचं काय, तर त्या काकांनी सरळ सांगितलं की एसबीएच्या (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या) लोनला २० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला पर्सनल गॅरंटी द्यावीच लागते, स्कोअर कितीही चांगला असो. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर ती जाहिरात मी उघडलीच नसती.

व्हॅन शेवटी क्रेडिट युनियनमधून, म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थेसारख्या सहकारी संस्थेतून, कर्ज काढून घेतली, वापरलेली, लहान लोन, गॅरंटी देऊन. सही करायच्या आधी दीरांना फोन लावला आणि सगळी पानं मोठ्याने वाचून दाखवली.