जोनी मिशेल: डावा हात, उतरवलेल्या तारा आणि दोन सेंट

सोमवार

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिशेल हिचं गाणं गिटारवर बसवायला घेतलं की बहुतेक जण पहिल्या कडव्यातच अडतात. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, कानाला ओळखीचे वाटतात, पण बोटं तिथवर पोचत नाहीत. एखादा पट्टीचा वाजवणारा कसरत करून पोचतोही, तरी नाद तसा येत नाही. कारण तिची गिटार आपल्या गिटारसारखी लावलेलीच नसते. तिने कारकिर्दीत पन्नासहून जास्त वेगवेगळी ट्यूनिंग, म्हणजे तारा लावण्याचे मेळ, वापरली आहेत.

तिच्याबद्दल लिहिणारे सहसा प्रेमप्रकरणांपासून सुरू करतात. कोणतं गाणं कोणावर लिहिलं, याची यादी आता पाठ झाली आहे आणि त्या यादीने गाणं कळायला काडीची मदत होत नाही. तिच्या डाव्या हातापासून सुरुवात केली तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जन्म ७ नोव्हेंबर १९४३, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅक्लाउडला. १९५३ मध्ये, नवव्या वर्षी पोलिओ. ती पुन्हा चालू लागली, पण डाव्या हातात कमजोरी राहिली. आधी बॅरिटोन युकुलेली, मग गिटार. लोकगायक पीट सीगरची शिकवणीची रेकॉर्ड लावून गिटारवादक एलिझाबेथ कॉटनची वाजवण्याची पद्धत उचलायचा प्रयत्न केला. त्या पद्धतीत अंगठा जाड तारांवर आलटून पालटून पडतो, एकदा सहाव्या तारेवर, एकदा पाचव्या. तिचा अंगठा सहाव्या तारेवरून हलेना. ती चाल तिने तशीच ठेवली, आणि सुरुवातीच्या गाण्यांत खाली जो एकसारखा घुमता स्वर ऐकू येतो तो तिथून आला.

मंगळवार

ट्यूनिंगचं गणित एकदा नीट मांडून ठेवावं.

नेहमीची गिटार जाड तारेकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी असते. एफ किंवा बी यांसारखा कॉर्ड धरायचा तर पहिलं बोट आडवं, वर आणखी दोन-तीन बोटं, आणि सगळ्यांवर सारखा दाब. कमजोर हाताला हे तासभराच्या कार्यक्रमात झेपत नाही.

१९६५-६६ च्या सुमाराला डेट्रॉइटमध्ये गायक एरिक अँडरसनने तिला ओपन जी आणि डीमधली ट्यूनिंग दाखवली. ब्लूज वाजवणारे ती आधीपासून वापरत होते. ओपन डी घ्या: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. पांढरी दोनला सा धरला तर सा प सा ग प सा. सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे (एक पडदा म्हणजे एक अर्धस्वर) उतरवायची, तिसरी एक पडदा. पाचवी आणि चौथी हलवायची नाही. डावा हात न लावता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या की मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प, वाजतो. पाचव्या पडद्यावर एकच बोट आडवं टाकलं की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा. तीन कॉर्डांचं गाणं एका बोटात.

तानपुऱ्यावर गाणाऱ्याला हे नवीन नाही: सूर मागे आपोआप भरून राहतो आणि गळा मोकळा होतो. फरक एवढाच की तानपुरा जागचा हलत नाही. इथे आडवं बोट सरकवलं की अख्खा सूरच सरकतो, आणि काही तारा मोकळ्या सोडल्या तर जुना सा नव्या कॉर्डच्या आत लोंबकळत राहतो. तिचा खास रंग या लोंबकळण्यात आहे. मेजर कॉर्डमधला ग काढून तिथे म किंवा रे ठेवला की गिटारवाले त्याला सस म्हणतात. एरवी तो लगेच ग वर येऊन विसावतो. तिच्याकडे तो विसावत नाही, पुढच्या तसल्याच कॉर्डवर जातो. ती स्वतः त्यांना प्रश्न विचारणारे कॉर्ड म्हणायची.

पुढे ट्यूनिंगही तशीच होत गेली. १९७६ च्या ‘कायोटी’ या गाण्याच्या तारा पाहा: सी, जी, डी, एफ, सी, ई. पांढरी एकला सा धरून सा प रे म सा ग. मोकळ्या तारांतच ग आणि म शेजारी नांदतात. हे मेजर की आणखी काही, असं विचारण्यात अर्थ उरत नाही.

बुधवार

आता बिघडतं काय ते.

‘कायोटी’साठी सहावी तार ई वरून सी वर येते, म्हणजे चार पडदे खाली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चार अर्धस्वर उतरलं की मूळ ताणाच्या साधारण ६३ टक्केच उरतो. ०१२ ते ०५३ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) च्या हलक्या संचातली ०५३ ची तार एवढी सैल झाली की पडद्यांवर फरफरते आणि जोरात छेडली की सुरुवातीला चढी वाजते, मग खाली येते. उपाय म्हणजे खाली ०५६ किंवा त्याहून जाड तार. दुसरी तार मात्र बी वरून सी वर चढवायची असते, ती बारीकच बरी.

तीन-चार तारा एकदम उतरवल्या की मानेवरचा एकूण ओढ कमी होतो, मान थोडी सरळ होते, तारा पडद्यांच्या जवळ येतात. मग मधल्या पडद्यांवरही फरफर सुरू होते आणि लोक तारेला दोष देतात. ओढ कमी झाला की न हलवलेल्या ताराही किंचित चढतात. म्हणून सगळ्या तारा एकदा लावून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून एक फेरी मारायचीच.

तार उतरवताना हव्या त्या स्वरावर थेट थांबू नये. थोडं खाली जावं आणि मग वर यावं. खुंटीच्या दात्यांत मोकळेपणा असतो आणि नटच्या (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचेत तार अडकून राहते. वरून खाली येऊन थांबलात तर दोन कडव्यांनंतर ती सुटते आणि स्वर पडतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की अडकणं कमी होतं. कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबणारा चिमटा) लावल्यावर सगळ्या तारा जराशा चढतात, त्यामुळे शेवटचं मिळवणं कॅपो लावून करायचं.

हे सगळं बंद खोलीत. रंगमंचावर दिव्यांच्या उष्णतेत, समोर माणसं खोकत असताना, दर गाण्याला हे करायचं म्हणजे काय होत असेल? तिच्या जुन्या कार्यक्रमांत गाण्यांमधल्या गप्पा लांबायच्या. रसिकांना ती गोड सवय वाटे. त्यातला बराच वेळ तारा मिळवण्यात जात होता.

गुरुवार

पैशाची बाजू. हिच्याविषयी कमी बोललं जातं.

तिची पहिली रेकॉर्ड मार्च १९६८ ची. पण तिची गाणी त्याआधीच फिरत होती. टॉम रश ‘अर्ज फॉर गोइंग’ गात होता, बफी सेंट-मरीने १९६७ मध्ये ‘द सर्कल गेम’ रेकॉर्ड केलं, ज्युडी कॉलिन्सने त्याच वर्षी ‘बोथ साइड्स नाऊ’ घेतलं आणि १९६८ मध्ये ते अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या दहांत गेलं. जोनीच्या आवाजात ते १९६९ मध्ये आलं, ‘द सर्कल गेम’ तर १९७० मध्ये.

त्या काळी गाणं रेकॉर्डवर घेण्याचा अमेरिकन कायद्याने ठरलेला दर होता एका गाण्यामागे, एका प्रतीमागे २ सेंट. हा दर १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत हलला नाही. रिवाज असा की एक सेंट लिहिणाऱ्याला, एक प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्याला. गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड करायला मालकाची परवानगी लागते. एकदा ते बाजारात आलं की कोणीही ठरलेला दर भरून पुन्हा रेकॉर्ड करू शकतो, नाही म्हणता येत नाही. एक लाख प्रती खपल्या तर २,००० डॉलर. प्रकाशन दुसऱ्याच्या हातात असेल तर त्यातले १,०००.

तेव्हाचे कितीतरी गाणारे-लिहिणारे पहिल्या करारात थोड्या आगाऊ रकमेसाठी प्रकाशनाचा हक्क देऊन टाकत. तिने स्वतःची प्रकाशन कंपनी काढली, सिक्वॉम्ब नावाची, आणि तो दुसरा सेंट घरात ठेवला. कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा निर्णय कोणता असं विचारलं तर माझं बोट या निर्णयावर जाईल. गाण्यांचा क्रमांक त्यानंतर. पुढे तिने लोकांना रुचणार नाहीत अशा रेकॉर्ड केल्या, त्या तिला परवडल्या. १९९७ मध्ये जॅनेट जॅक्सनच्या गाण्यात ‘बिग यलो टॅक्सी’चा तुकडा वापरला गेला. अशा वापराला दोन परवानग्या लागतात, एक गाण्याच्या मालकाची, एक त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची. पहिली किल्ली जिच्याकडे आहे तिच्याशी आधी बोलावं लागतं.

शुक्रवार

पहिल्या रेकॉर्डची गोष्ट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. निर्माता होता गायक डेव्हिड क्रॉस्बी. फक्त गळा आणि गिटार ठेवायची, बँड घुसवायचा नाही, हा त्याचा हट्ट बरोबर होता. पण त्याने एक प्रयोग केला: तिला उघड्या ग्रँड पियानोच्या तारांवर गायला लावलं. आवाजाने तारा आपोआप झंकारतील आणि तो झंकार जास्तीच्या मायक्रोफोनने पकडायचा. सारंगीच्या तरफांचं तत्त्व हेच. घोळ असा झाला की झंकार फार मंद असतो. तो ऐकू यावा म्हणून पातळी चढवली की खोलीचा आवाज आणि टेपची खरखरही चढते. नंतर ती खरखर काढताना वरचे स्वर कापावे लागले आणि त्याबरोबर गळ्याची धारही गेली. आज ती रेकॉर्ड लावली तर आवाज काचेच्या आड कोंडल्यासारखा येतो. टेपवर घेतलेली खरखर नंतर गाळता येईल हा भरवसा कधीच धरू नये.

पुढच्या रेकॉर्डांना इंजिनिअर हेन्री लुई मिळाला आणि ही भानगड संपली. १९७१ च्या ‘ब्लू’वर मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं अपलाचियन डल्सिमर काही गाण्यांना आहे. तारा थोड्या, पडदे ठरावीक स्वरांचे. डाव्या हाताला आणखी एक सवलत.

शनिवार, रात्री

बँडचा प्रश्न. १९७० च्या दशकात तिला ढोल-बास हवे होते, पण रॉकवाल्यांची गाडी अडायची. बास वाजवणारा प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर शोधतो आणि तो खाली रोवतो. सा प रे म सा ग यात तो रोवायचा कुठे? शिवाय तिची सहावी तार आधीच खाली सी वर घुमत असते. तिथेच बास घातला की सगळा चिखल. शेवटी ड्रम वाजवणाऱ्या रस कंकेलनेच तिला सांगितलं की जॅझवाले गाठ. त्यातून टॉम स्कॉटचा एल. ए. एक्सप्रेस हा बँड आला आणि १९७४ ची ‘कोर्ट अँड स्पार्क’ झाली. तिच्या खपाचा कळस तो, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत.

खरी जोडी जमली ‘हेजिरा’ या रेकॉर्डवर, १९७६ मध्ये. नऊपैकी चार गाण्यांत जॅको पास्टोरियसचा बिनपडद्यांचा बास आहे. तो खाली खुंट मारत बसत नाही; वर येतो, मींड घेतो, हार्मोनिक लावतो, तिच्या ओळी संपल्या की बोलतो. खालची जागा गिटारलाच ठेवतो. शिकणाऱ्याने आधी गिटार आणि गळा एवढंच ऐकावं, मग फक्त बास, आणि तो कुठे गप्प आहे ते मोजावं.

त्यानंतर १९७९ मध्ये जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसच्या चाली घेऊन केलेली रेकॉर्ड आली आणि खप उतरला. ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरवाल्या रेकॉर्डांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही.

रविवार

१९९५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात ती रोलँड कंपनीचं व्हीजी-८ नावाचं यंत्र घेऊन आली. प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलायचा, तो यंत्रात हवा तेवढा वर-खाली सरकवायचा. गिटार नेहमीच्याच मेळात, ट्यूनिंग पायाखालच्या बटणावर. तारा मिळवत बसण्याचा त्रास एका फटक्यात गेला. खोट एक: खोलीत हळू वाजवलं तर खऱ्या तारांचा मूळ स्वरही ऐकू येतो आणि यंत्रातल्या स्वराशी भांडतो. रंगमंचावरच्या मोठ्या आवाजात तो बुडतो.

गळाही तोवर उतरला होता. आयुष्यभराच्या सिगारेटी, वय. २००० मध्ये आलेल्या रेकॉर्डवर ऑर्केस्ट्राबरोबर तिने ‘बोथ साइड्स नाऊ’ पुन्हा गायलं तेव्हा वरच्या स्वरांची हाव सोडून दिली, पट्टी खाली घेतली, लय इतकी संथ की प्रत्येक शब्दाला श्वास मिळतो. व्हिन्स मेंडोझाच्या वाद्यमेळाने मागची जागा भरली. तेवीस वर्षांच्या मुलीने लिहिलेले शब्द तिथे पहिल्यांदा वयात आले, असं माझं मत. जुन्या पट्टीत गाण्याचा अट्टाहास करणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांनी ती रेकॉर्ड ऐकायला हवी.

मार्च २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. बोलणं, चालणं, वाजवणं सगळं नव्याने शिकावं लागलं. २४ जुलै २०२२ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात ती गायली आणि उभी राहून इलेक्ट्रिक गिटारवर एक वाद्यतुकडाही वाजवला. बोटं कुठे ठेवायची हे तिने स्वतःचे जुने व्हिडिओ पाहून शिकलं होतं. व्हिडिओत पडदा दिसतो, तार कशाला लावली आहे ते दिसत नाही. तिच्या गिटारी सांभाळणाऱ्या जोएल बर्नस्टाइनने तिच्या ट्यूनिंगच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. तिची विसरलेली गाणी त्याने तिलाच पुन्हा शिकवल्याचं प्रसिद्ध आहे.

तिची लिहिण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. सहाव्या तारेचा स्वर लिहायचा, पुढे पाच आकडे: कितव्या पडद्यावर दाबलं की त्या तारेचा स्वर शेजारच्या मोकळ्या तारेशी जुळतो. नेहमीचा मेळ म्हणजे ई ५५५४५. ओपन डी म्हणजे डी ७५४३५. ‘कायोटी’ सी ७७३७४. ट्यूनर नसला तरी यावरून गिटार लावता येते, सहावी तार मिळाली की बाकीच्या एकमेकींवरून. शेजारी कॅपोचा पडदा आणि सहाव्या तारेची जाडी लिहावी. स्वतःच्या चाली बांधणाऱ्यांनी ही नोंद चाल सुचली त्याच दिवशी करावी, कारण नंतर फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून सहा तारा वेगळ्या काढणं जमत नाही.