ऑक्सफर्डच्या कॉलेजात मुक्काम करायचा तर

आधी तारखा बघा, कॉलेज नंतर. ऑक्सफर्डच्या तीन टर्म, प्रत्येकी आठ आठवड्यांच्या. त्या संपल्या की मुलं खोल्या रिकाम्या करतात आणि त्याच खोल्या पाहुण्यांना मिळतात. जुलै ते सप्टेंबर निवड सर्वांत मोठी. नोव्हेंबरात किंवा मे महिन्यात शोधत बसण्यात अर्थ नाही.

उदाहरण म्हणून किबल कॉलेज घेऊ. १८७० सालचं, म्हणजे ऑक्सफर्डच्या हिशेबात कालचं. बाकी गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं, हे मात्र लाल विटांचं. मधून पांढऱ्या आणि निळसर विटांचे पट्टे. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. जुन्या कॉलेजांत दर जिन्याला स्वतःचं दार असतं. शेजारच्या जिन्यावरच्या खोलीत जायचं तर खाली उतरून अंगणातून फिरून जावं लागतं. किबलचा वास्तुकार बटरफिल्ड याने जिन्यांऐवजी लांब कॉरिडॉर काढले. त्यामुळे दोन खोल्या घेतल्या तरी घरचे सगळे एका रांगेत राहू शकतात.

फसगत होते ती खोलीच्या प्रकारात. 'एन-सूट' असेल तरच बाथरूम खोलीला लागून. 'स्टँडर्ड' म्हणजे बहुधा खोलीत नुसतं बेसिन आणि बाथरूम कॉरिडॉरमध्ये, सामायिक. जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं धरून चालू नका. आई-बाबा बरोबर असतील तर बुकिंग करतानाच तळमजला मागून घ्या. तिथे पोचल्यावर बदलून मिळेलच असं नाही.

हॉटेलसारखं रिसेप्शन नसतं. किल्ली दारातल्या पोर्टर्स लॉजमध्ये, म्हणजे दरवानांच्या खोलीत मिळते. रात्री मुख्य दार बंद होतं, म्हणून जेवायला बाहेर पडतानाही ती खिशात हवी. हिरवळीवरून आडवं जाऊ नका, कडेने चाला.

नाश्ता हॉलमध्ये, लांबलचक टेबलांवर. शाकाहाऱ्यांचं बीन्स, मशरूम, टोस्टवर भागतं. नंतर चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघरात, चित्रकार होल्मन हंटचं कंदील घेतलेल्या ख्रिस्ताचं चित्र बघा. ते बाजूच्या छोट्या चॅपलमध्ये आहे, मुख्य भागात शोधाल तर सापडणार नाही.

चालत जवळच समरव्हिल कॉलेज. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तिथे राहून १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. बायकांना पदवी द्यायला मात्र विद्यापीठाला १९२० साल उजाडलं.

स्टेशनवरून किबल चालत वीस-पंचवीस मिनिटं. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा. आणि चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर इथूनच न्या.