तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यात एवढं रंगून जाण्यासारखं काय आहे?’

“हजारो माणसं मेली त्यात, आणि तुम्ही एवढं रंगून काय सांगता?” हा प्रश्न मला नेहमी येतो, बहुधा मी तांबोराचा विषय काढल्यावर. (नाव ऐकून समोरच्याला आधी वाद्य आठवतं. मग तो इंडोनेशियातला ज्वालामुखीचा डोंगर आहे हे सांगावं लागतं, आणि तिथून माझी गाडी थांबत नाही.) आजवर ‘आवड असते एकेकाची’ म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही मात्र पिच्छा सोडला नाहीत, म्हणून बसून लिहितोय.

उद्रेक किती मोठा आणि माणसं किती गेली, यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, हे आधी सांगायला हवं. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा उद्रेक अलास्कातल्या नोव्हारुप्ताचा, जून 1912 मधला. साठेक तास चालला. दीडशेहून जास्त किलोमीटरवरच्या कोडिॲक गावात राखेने असा काळोख केला की हात लांब करून धरलेला कंदील दिसेना. थेट त्या उद्रेकात कुणी दगावल्याची नोंद नाही. उलट कोलंबियातला नेवादो देल रुइस 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री फुटला, तो मोठ्यांच्या पंगतीत बसण्याइतकाही नव्हता. पण शिखरावरचं बर्फ वितळलं, चिखलाचा लोंढा दऱ्यांतून उतरला आणि जवळजवळ अडीच तासांनी आर्मेरो गावावर आला. 23,000 च्या आसपास माणसं गेली. अडीच तास! धोक्याचा नकाशासुद्धा महिनाभर आधी तयार झालेला होता. ही गोष्ट मी कधीच रंगवून सांगत नाही. ती मुळात ज्वालामुखीची गोष्टच नाही.

मला ओढ लागते ती दुसऱ्याच कशाची तरी. एवढं प्रचंड काही घडत असतं आणि ते नेमकं काय आहे, हे ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणाच्याच ध्यानात येत नाही.

5 एप्रिल 1815 च्या संध्याकाळी जावा बेटावर धडाधड आवाज ऐकू आले. जावा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि स्टॅम्फर्ड रॅफल्स तिथला कारभार पाहत होते. सगळ्यांना वाटलं, तोफा. शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असं समजून योग्यकार्ताहून फौजेची तुकडी निघाली, किनाऱ्यावरून संकटातलं जहाज शोधायला होड्या सुटल्या. सकाळी बारीक राख पडू लागली तेव्हा कुठे ज्वालामुखीची शंका आली. पण आवाज इतका जवळचा वाटत होता की प्रत्येकाने आपापल्या भागातल्या डोंगरावर बोट ठेवलं. कुणी म्हणे मेरापी, कुणी केलुत, कुणी ब्रोमो. खरा डोंगर, म्हणजे तांबोरा, आठशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला, सुंबावा बेटावर होता. आणि ही नुसती नांदी होती. खरा उद्रेक 10 एप्रिलला झाला. 4,300 मीटरच्या घरातला डोंगर 2,850 मीटरवर आला आणि माथ्याच्या जागी सहा-सात किलोमीटर रुंदीचा खड्डा उरला. पुढच्या वर्षी, 1816 मध्ये, युरोपात आणि ईशान्य अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली. त्याचा संबंध या डोंगराशी असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाताऊ ज्वालामुखी त्या मानाने लहान. तरी नाव त्याचंच जास्त, कारण तो फुटला त्या 1883 पर्यंत समुद्राखालून तारायंत्राच्या तारा गेल्या होत्या आणि बातमी लगेच जगभर पोहोचली. तांबोराची बातमी शिडाच्या जहाजाने गेली. क्राकाताऊचा आवाज 4,800 किलोमीटरवरच्या, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर चार तासांनी पोहोचला, आणि तिथल्या पोलीसप्रमुखाने काय नोंदवलं? पूर्वेकडून तोफांसारखे आवाज. पुन्हा तोफाच! हवेच्या दाबाची लाट तर पाच दिवस पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि वायुभारमापकांवर सात वेळा उमटली.

हे वाचून कित्येक वर्षांपूर्वी मी एक वायुभारमापक घेतला होता. घरच्यांनी त्याला ‘निरुपयोगी घड्याळ’ असं नाव ठेवलं. 15 जानेवारी 2022 ला पॅसिफिकमधल्या टोंगाजवळचा हुंगा ज्वालामुखी फुटला. बातमी वाचून मी अंतर मोजलं, लाटेचा वेग धरला आणि अकरा-साडेअकरा तासांनी त्या यंत्राच्या आलेखासमोर जाऊन बसलो. सपाट रेघेत एक दात उमटला, जेमतेम दीड-दोन मिलिबारचा. खिडकीचा पडदासुद्धा हलला नाही. दुसऱ्या दिवशी उलट बाजूने फिरून आलेली लाट आणखी पुसट उमटली. तो कागद अजून जपून ठेवलाय.

असेच कागद बर्फातही असतात. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या बर्फात तेराव्या शतकाच्या मध्यावरचा गंधकाचा एक जाड थर सापडला होता. कुठलातरी महाभयंकर उद्रेक झाला हे नक्की, पण डोंगर कुठला? काही दशकं पत्ता लागला नाही. 2013 मध्ये फ्रँक लाविन्ये या फ्रेंच संशोधकाच्या गटाने तो दाखवून दिला: लोंबोक बेटावरचा सामालास, 1257. म्हणजे सुंबावाच्या अगदी शेजारचं बेट. गंमत अशी की तिथल्या जुन्या ताडपत्रांवर सामालास कोसळला आणि पामातान हे नगर बुडालं, हे सगळं लिहिलेलं होतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या माणसांकडे येतो. तांबोराच्या पायथ्याशी त्याच नावाचं राज्य होतं. 2004 मध्ये ज्वालामुखीतज्ज्ञ हारल्डुर सिगुर्डसन यांच्या चमूने तिथे राखेच्या काही मीटर थराखालून जळून कोळसा झालेलं एक घर उकरून काढलं. भांडीकुंडी जागच्या जागी होती, आणि दोन माणसं. त्या लोकांची भाषा आसपासच्या बेटांवरच्या भाषांहून अगदी निराळी होती. ती बोलणारं कुणी उरलं नाही. उद्रेकाआधी कुणीतरी तिच्या काही डझन शब्दांची यादी करून ठेवली होती, ती 1817 च्या रॅफल्स यांच्या जावाच्या इतिहासात छापली गेली. आकडे आहेत, अवयवांची नावं आहेत, पाणी आहे, आग आहे. मी कधीकधी ती यादी काढतो आणि एक ते दहा मोठ्याने म्हणून पाहतो. उच्चार चुकला तर हसायला कुणी नाही.